नावं नकोत म्हणालात, पण आभार तरी घ्या

तमाशाच्या गवळणीतली मावशी करण्यात माझी हयात गेली, आता म्हातारपणी आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं तर हात थरथरतो. म्हणून डीटीपीच्या दुकानातल्या ज्या पोरीनं संध्याकाळी शटर अर्धं ओढून माझी बडबड टाइप केली तिचे पहिले आभार, पैशाचं काढलं की विषयच बदलायची.

आमची बतावणी, म्हणजे तमाशातला हसवायचा सवाल-जवाब, कागदावर कुठं असते हो, गाव बघून जागेवर बदलायची, सरपंचाचं नाव, गावातली भांडणं सगळं त्यात यायचं, त्यामुळं ज्यांनी माळ्यावरच्या जुन्या कॅसेटवरची धूळ पुसून त्या मोबाइलवर भरून पाठवल्या त्यांच्याशिवाय पुस्तकातलं बतावणीचं प्रकरण झालंच नसतं (खोकलासुद्धा ऐकू येतो, माझाच असणार).

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, जत्रांतल्या खेळांच्या सुपाऱ्या ठरतात, तिथं चहा पाजून जुन्या फडांची माहिती देणारे तुम्ही सगळे. आणि तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकरांना १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तेव्हाचं कात्रण कुणीतरी पोस्टानं धाडलं, पाकिटावर नावच नाही! कोण ओ तुम्ही?

पुस्तक छापायला गेलंय. आलं की घरी या, आपापली प्रत न्या, आणि पाकिटवाल्यांनी तेवढं तोंड दाखवा.