शनवार तेल्यांचा बोलपट

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

"ज्यूंचा आपल्या सिनेमाशी काय संबंध?" असे तू फोनवर विचारलेस, त्याचे उत्तर घाईत अर्धवट राहिले, म्हणून सवडीने लिहीत आहे.

ज्या नटाला आपण नुसते 'डेव्हिड' म्हणून ओळखतो, त्यांचे आडनाव चेऊलकर, म्हणजे मूळ गाव अलिबागजवळचे चौल. कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंची, कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर. घरची भाषा मराठीच, इतकी की १८८०च्या दशकापासून मुंबईत त्यांच्यातील मंडळी बायबलातील आख्याने लावून मराठीत कीर्तने करू लागली. तेव्हा १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतलेला होता, याचे मला तरी नवल वाटत नाही.

स्त्रियांची कथा निराळी. घरंदाज मुलींनी तोंडाला रंग लावणे म्हणजे बदनामी, म्हणून १९१३ साली फाळक्यांना तारामतीचे काम अण्णा साळुंके यांना द्यावे लागले. पुढे ज्या मोजक्या मुली धीटपणे पुढे आल्या, त्यांत पुण्यात जन्मलेल्या, टेलिफोन ऑपरेटर असलेल्या, ज्यू घरातल्या रूबी मायर्स होत्या. त्याच मूकपटांतील सुलोचना (आपल्या सुलोचनादीदी नव्हेत). बोलपट आले तेव्हा हिंदुस्तानी नीट येत नसल्याने त्या अडल्या, पण भाषा शिकून पुन्हा उभ्या राहिल्या. आणि १९७३चा पुरस्कार मिळाला तो नेमका फाळक्यांच्याच नावाचा. अभिनेत्री नादिरा याही बगदादी (म्हणजे इराककडून आलेल्या) ज्यू घराण्यातल्या, हे तुला ठाऊक असेलच.

मला मात्र डेव्हिड यांच्यापाशीच थांबावेसे वाटते. 'बूट पॉलिश'मध्ये त्यांचा जॉनचाचा तुरुंगात टकल्या कैद्यांच्या घोळक्यात बसून, डोक्यावरची शेती वाळत चालली म्हणून ढगाला आळवतो, आणि तेही एखाद्या बुवाच्या गांभीर्याने. त्या बुटक्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू कुठेच नाही, आपण मात्र लोळतो. कीर्तनाची परंपरा मुरलेल्या समाजातला हा नट, असे आता ते गाणे पाहताना सारखे मनात येते.

जमल्यास आज रात्री ते पाहा, आणि वहिनींना ते आडनाव अवश्य सांग. त्यांचे माहेर चौलचेच ना?

तुझा,
श्रीधर