पाथरी आणि डब्यातली पूड

निपाणी

चि. सौ. राणीस,
अनेक आशीर्वाद.

दूध वाढावं म्हणून घ्यायच्या पाथरीच्या पावडरीचा तू पाठवलेला फोटो बघितला. घेऊ नकोस. पाथरी ओली खायची भाजी. डब्यात नेमकं काय दळलंय ते कोण सांगणार?

बाळंतिणीला पाथरी देतात हे खरं. आजी म्हशीपुढं टोपलीभर टाकायची आणि सुनांच्या ताटातही वाढायची. पान मोडलं की पांढराशुभ्र चीक येतो, त्यावरूनच दूध वाढतं असं लोकांनी धरलं असणार. वाढतं की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. बाळाला भूक लागेल तेव्हा घे, तू पोटभर जेव, आणि तरी दूध कमी वाटलं तर डॉक्टरीणबाईंना विचार. पाथरी चवीसाठी खा.

आता भांगलणीला बायका आल्यात. शाळूच्या पाटाकडेला पाथरी नुसती पसरलीय. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, कडेला बारीक दाते, पण हाताला मऊ. खुरप्यानं वरचा पाला काढला तरी मूळ खोल राहतं आणि पुन्हा फुटतं, म्हणून तण म्हणून तिला शिव्याही खाव्या लागतात. सूर्यफूल, करडई, शेवंती यांच्याच कुळातली ती. फूल पिवळं, आणि त्यातली प्रत्येक पाकळी म्हणजे एकेक वेगळं फूल असतं. फुलं यायच्या आधीचा पाला कोवळा, नंतर कडू होतो.

गाजर गवतही त्याच कुळातलं, आणि लहान असताना तेही असंच जमिनीलगत पसरतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि आता बांध न् बांध व्यापून बसलंय. ते खायला मेक्सिकोतून भुंगे आणून १९८४ साली तुमच्या बेंगळूरलाच सोडले होते, तरी त्याचा माज उतरला नाही. हात लावलास तर अंगाला खाज सुटेल. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात आणि मोडली तरी चीक येत नाही. ही खूण पक्की लक्षात ठेव.

तुझ्या सोसायटीच्या मागं पाथरी दिसली तरी उपटून आणू नकोस, तिथं कुत्री हिंडतात. मीसुद्धा उसाच्या कडेची आणत नाही, तिथं टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं असतं. त्यापेक्षा उत्तर कर्नाटकची खानावळ शोध. जोळद रोट्टीबरोबर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर, कच्ची हक्करकी वाढतात ती हिच्याच घराण्यातली. आपल्याकडं कन्नड बायका बाजारात जुड्या बांधून विकतात तीच.

मिळाली तर चार पाण्यांतून धू, बारीक चिर, कांदा, दाण्याचा कूट, मीठ, तिखट आणि वरून कच्चं तेल. लिंबू पिळू नकोस, तुझ्या बाबांना आवडतं म्हणून ते पिळतात आणि पाला लगेच मलूल पडतो. शिजवायची असेल तर मूगडाळ आणि भरपूर लसूण. पण मला विचारशील तर कच्चीच बरी.

पार्सलनं पाला पाठवत नाही, पोचेपर्यंत कुजेल. शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू मात्र पाठवलेत. लाडू जावईबापूंपासून लपवून ठेव. बाळाचं वजन किती भरलं ते फोनवर सांग.

तुझी,
आई