यूव्ही प्रिंटिंग मशीनवाल्यांसाठी सूचना, गणपतीच्या कामांआधी वाचा

मंडळी नमस्कार, ग्रुपवर रोज कोणीतरी प्रिंटमध्ये पट्टे येतायत म्हणून फोटो टाकतं आणि खाली लगेच "हेड गेलं" (म्हणजे शाई सोडणारा भाग बाद) असा निकाल लागतो. अहो थांबा जरा, आधी नोझल चेक (हेडच्या शाईच्या छिद्रांची चाचणी प्रिंट) काढा, रेघा तुटलेल्या असतील तर क्लीनिंग, रेघा सगळ्या नीट असतील तर हेडला हात लावू नका, मीडिया फीड (मटेरियल पुढे सरकणं) आणि बायडायरेक्शनल अलाइनमेंट (जाता-येता दोन्ही फेऱ्यांची प्रिंट जुळणं) बघा, आणि एन्कोडर स्ट्रिप (हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजची जागा मोजणारी पट्टी) लिंट-फ्री कपड्याने हलकेच पुसा, धूळ बसली की कॅरेज जागा चुकते.

अक्षरांभोवती बारीक फवारा दिसला तर हेड मटेरियलपासून फार वर आहे किंवा स्टॅटिक (स्थिर वीज) आहे. अॅक्रिलिकचा कागद सोलला की चार्ज येतोच, शीट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, मशीनला अर्थिंग नीट द्या. पुण्यात भोसरीत असो नाहीतर पेठेत, उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की हा त्रास वाढतो.

व्हाइट इंकमधलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, खाली बसतं. गुरुवारी लाइट जाते तेव्हा सर्क्युलेशनही (इंक फिरती ठेवणं) बंद आणि निगेटिव्ह प्रेशरही (इंक हेडमध्ये धरून ठेवणारा दाब), मग इंक टपकते, त्यामुळे यूपीएस ठेवाच (मी एकदा ठेवला नव्हता, मशीनचा अख्खा बेड पुसत बसलो होतो). लाइट आली की लगेच जॉब लावू नका, सर्क्युलेशन होऊ द्या आणि मग चेक.

आरशावर किंवा चकचकीत स्टीलवर प्रिंट करताना इंक घट्ट करणाऱ्या लॅम्पचा यूव्ही प्रकाश उलटा हेडवर जातो आणि इंक नोझलमध्येच घट्ट होते, ती परत निघत नाही. लॅम्पची पॉवर कमी ठेवा. आणि फोटो टाकताना नोझल चेकचा पण टाका राव, नुसता बॅनर बघून काय कळणार!