काय काय पाहिलंस, याचं उत्तर

अंतिग्वा, ग्वाटेमाला
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझे दोनच प्रश्न असतात. "आई, तिथे सुरक्षित आहे ना?" आणि "काय काय पाहिलंस?" पहिल्याला मी "हो गं" म्हणून मोकळी होते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून आता लिहूनच कळवते. सावकाश वाच.

आधी सुरक्षिततेचं. इथे औषधाच्या दुकानाच्या दारात बंदूकवाला उभा असतो. कोंबड्या नाहीतर बाटल्या पोचवणाऱ्या ट्रकबरोबरसुद्धा एक असतो. किराणा दुकानं लोखंडी जाळीच्या आड. जाळीतल्या फटीतून आपण पैसे आत सरकवायचे आणि त्याच फटीतून साखर, मेणबत्त्या, साबण बाहेर येतात. पण जाळीआडची बाई आधी "शुभ सकाळ" म्हणते, आपल्याकडून म्हणवून घेते, मगच काय हवं ते विचारते. खानावळीत आपण जेवत असलो तर शेजारून बाहेर पडणारा अनोळखी माणूस "सुखाने जेवा" म्हणून जातो. बंदूक आणि ही रीत एकाच गल्लीत नांदतात. मी अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही, राजधानीत एकटी हिंडत नाही, रस्त्यात फोन काढत नाही. घरच्या बाईंचेही हेच नियम आहेत, त्यामुळे पाहुणी म्हणून मला वेगळं काही पाळावं लागत नाही.

आता पाहिलं काय? पर्यटकांची यादी म्हणशील तर ती थोडक्यात उरकते. अंतिग्वा ही जुनी राजधानी. १७७३ च्या भूकंपात पडली, १७७६ मध्ये राजधानी इथून हलवली आणि पडकी चर्चेस तशीच राहिली. आज त्यांच्या छप्पर नसलेल्या दालनांत लग्नं लागतात, पोरी भिंतींना टेकून फोटो काढतात. सगळी घरं बुटकी, गल्ल्यांत दगड असे बसवलेले की माझे गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. गावाच्या डोक्यावर आग्वा नावाचा ३,७६० मीटरचा ज्वालामुखी आहे, तो झोपलेला. पलीकडचा फुएगो झोपत नाही. मधूनच धुराचा लोट सोडतो आणि रात्री गच्चीवरून त्याची लाल रेघ दिसते. परदेशी पोरं टाळ्या वाजवतात. इथली माणसं वाजवत नाहीत. ३ जून २०१८ च्या रविवारी त्याच फुएगोने पायथ्याची वस्ती गाडून टाकली, शेकडो माणसं गेली. सेन्योरांच्या अंगणात त्या दिवशी राख पडली होती. वाळत घातलेले कपडे तीनतीनदा धुवावे लागले, एवढंच त्या सांगतात आणि विषय बदलतात.

सेन्योरा म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. वय माझ्याएवढंच, पण माझ्यापेक्षा दुप्पट चपळ. स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेनेच त्यांच्याकडे खोली लावून दिली. शाळेतही एका विद्यार्थ्याला एक शिक्षिका, सकाळचे चार तास समोरासमोर. पळायला जागाच नाही. तुझ्याकडे ह्यूस्टनला अर्ध्या दुकानांत मी मुक्यासारखी उभी राहायचे, त्याचा राग मी इथे काढते आहे. तिथून विमानाने तीनच तास लागतात आणि तुम्ही लोक हे जगाचं टोक असल्यासारखं बोलता!

खरं पाहिलं ते या घरात. घराच्या मध्यभागी अंगण, अंगणात 'पिला'. सिमेंटची भली मोठी टाकी, तिच्या दोन्ही बाजूंना दगडी उतार. एकीकडे भांडी, दुसरीकडे कपडे. मधल्या पाण्यात हात घालायचा नाही, तांब्यासारख्या प्लास्टिकच्या भांड्याने पाणी उपसून घ्यायचं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मधलं पाणी सोवळं. हा नियम मला कुणी शिकवावा लागला नाही. शेजारच्या खोलीतल्या डच मुलीने साबणाची बशी सरळ टाकीत बुडवली तेव्हा सेन्योरांनी आणि मी एकाच वेळी "अगं!" केलं, आपापल्या भाषेत. त्या दिवसापासून त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं.

आणि स्वयंपाकघर म्हणजे मका. सकाळी मका, दुपारी मका, रात्री मका. आदल्या रात्री दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून तसेच ठेवतात, सकाळी सालं सुटलेले दाणे धुऊन गिरणीत नेतात आणि ओलं पीठ घेऊन येतात. मला चुना ठाऊक तो पानाला लावायचा. पण या बायकांच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी हे शोधून काढलं. चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पॅनिश लोकांनी मका जहाजात भरून नेला, ही कृती मात्र नेली नाही. मग युरोपात निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, कातडी सोलवटली, माणसं भ्रमिष्ट झाली. बाईमाणसाच्या स्वयंपाकाला विद्या न मानण्याची एवढी किंमत मोजावी लागते, हे मी शिक्षिकेला मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. तिने ते वाक्य फळ्यावर लिहून त्यातली क्रियापदं सुधारली.

तोर्तिया, म्हणजे इथल्या मक्याच्या भाकऱ्या, पोळपाटावर लाटत नाहीत. दोन्ही तळहातांवर थापटत, फिरवत गोल करतात. भर दुपारी कुठल्याही गल्लीतून जा, कुठल्यातरी दारातून तो पटपट आवाज येतोच. मला अजून जमत नाही, माझी कडेला फाटते. "भाकरी करता येते" ही माझी घमेंड इथे कामाला आली नाही.

शाकाहाराचं विचारशील. "मांस खात नाही" म्हटल्यावर सेन्योरांनी प्रेमाने कोंबडी वाढली. "कोंबडीही नाही" म्हटल्यावर भाज्यांचं सूप केलं आणि त्यात कोंबडीच्या मसाल्याची पुडी सोडली. आता आमचा समझोता झाला आहे. काळा घेवडा घोटून परतलेला, तळलेली केळी, ताजं चीज, गुइस्किल नावाची हिरवी भाजी. पेपियान हा त्यांचा मानाचा रस्सा, भोपळ्याच्या बिया, तीळ आणि वाळक्या मिरच्या भाजून वाटलेला. माझ्यासाठी त्या तो बटाटे-गाजराचा करतात. बाबांना सांग, वरण नाही पण उपाशीही नाही.

फळबाजारात मात्र मी चाट पडले. पेरू, पपई, सीताफळ, चिकू, सगळी आपली मंडळी. पण माहेर त्यांचं या अमेरिका खंडातलं, आपल्याकडे ती पोर्तुगीज-स्पॅनिशांच्या काळात सासरी आली. घोलवडचा चिकू खाताना कुणाला वाटेल का, की उत्तरेकडच्या जंगलात तिकाल म्हणून माया लोकांचं जे शहर आहे, तिथल्या हजारेक वर्षांहून जुन्या देवळांच्या चौकटींवरच्या कोरीव तुळया याच झाडाच्या लाकडाच्या आहेत? उलट वेलची आपल्याकडून इकडे आली. कोबानच्या डोंगरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावली आणि आज ग्वाटेमाला वेलची निर्यातीत जगात आघाडीवर. त्यातली बरीचशी अरब देशांत जाते. मी बाजारातून थोडी आणून चहा केला. सेन्योरांनी वास घेतला आणि औषध आहे का विचारलं. कॉफीचंही तेच. उत्तम कॉफी पोत्यांतून परदेशी, घरात मात्र पातळ, गोडमिट्ट पाणी. पिकवणाऱ्याच्या कपात काय राहतं, हे मी आता प्रत्येक देशात बघायचं ठरवलं आहे.

बसचं सांगितलंच पाहिजे. तुझ्या गल्लीत सकाळी येते ना, पिवळी शाळेची बस? तिची तिथली नोकरी संपली की तिचा लिलाव होतो, ती मेक्सिको ओलांडून इथे येते आणि लाल-हिरवी, चकचकीत होऊन कामियोनेता म्हणून दुसरा जन्म घेते. दोन पोरांच्या बाकावर तीन मोठी माणसं, वळणावर सगळी एकमेकांच्या अंगावर, आणि पोऱ्या धावत्या गाडीच्या टपावर चढून टोपल्या बांधतो. कपड्यांचंही तसंच. अमेरिकेत दान केलेले जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात आणि 'पाका'च्या दुकानांत विकले जातात. परवा तुझ्या कॉलेजचा स्वेटशर्ट घातलेला एक म्हातारा गाढवावर लाकडं नेताना दिसला. आणि आतित्लान सरोवराकाठी पानाहाचेलला रस्ताभर बजाजच्या रिक्षा! मी ड्रायव्हरला सांगितलं, ही आमच्या वाळूजची, तिथे माझी नणंद राहते. त्याने नणंदेसाठी भाड्यात सवलत दिली नाही.

वस्तू अशा बिनबोभाट सीमा ओलांडतात. आता माणसाचं सांगते. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

सेन्योरांचा धाकटा ह्यूस्टनमध्ये आहे. तुझ्या घरापासून गाडीने चाळीसेक मिनिटांवर, मी पत्ता नकाशात पाहिला. छपरं बसवायचं काम करतो. एकोणिसाव्या वर्षी गेला, कागदांशिवाय. त्यानंतर एकदाही आलेला नाही. येऊ शकतो, विमानाचं भाडंही आहे. परत जाऊ शकणार नाही. वर्षाहून जास्त असं राहिलेला माणूस एकदा बाहेर पडला की दहा वर्षं त्याला दार बंद, असा तिथला कायदा आहे. वडील गेले तेव्हा त्याने फोनवर प्रेतयात्रा पाहिली. फोन धरला होता शेजारणीने, आणि मध्येच रेंज गेली. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, ती येऊ शकते. एवढ्याशा पोरीला एकटीला कोण पाठवणार?

हे एका घराचं नाही. २०२४ मध्ये परदेशातून ग्वाटेमालात आलेला घरखर्चाचा पैसा एकवीस अब्ज डॉलरच्या वर होता, देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास पाचवा हिस्सा. आसपासच्या खेड्यांत तो डोळ्यांना दिसतो. मातीच्या घरांत एखादं सिमेंटचं, रंगीत, खांबांवर नक्षी आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. सेन्योरांच्याही घराला त्या सळया आहेत. वरची खोली त्याच्यासाठी, असं ठरलं आहे. सध्या तिथे मी राहते.

त्यांनी मला विचारलं, तुमची मुलगी कशी गेली? मी सांगितलं, शिकायला, मग नोकरी, आता व्हिसा. दर दिवाळीला नाही तरी वर्षाआड येते. त्यांना हेवा वाटला असेल तर दिसला नाही. "मग तुम्ही रडता कशाला?" एवढंच म्हणाल्या. विमानतळावरचं माझं रडणं मीच त्यांना सांगितलं होतं ना!

या महिन्याच्या पहिल्या तारखेला, इथल्या पितरांच्या सणाला, आम्ही दोघी सुम्पांगो गावी गेलो. बांबू आणि पातळ कागदाचे पतंग, काही तर दोन मजली घराहून उंच. ते उडवत नाहीत, नुसते उभे करतात. लहान उडतात, तेही दफनभूमीत, थडग्यांच्या मधून धावत. आपण पितृपक्षात कावळ्याची वाट बघतो, ही माणसं सरळ पितरांच्या शेजारी चादर पसरून जेवायला बसतात. पतंगांवर चित्रं असतात, मजकूर असतो, जंगलतोडीवर, बायकांवर, सीमेकडे चाललेल्या माणसांवर. काही युद्धावरही. इथे १९६० ते १९९६ यादवी चालली, दोन लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक माया. राजधानीच्या कॅथेड्रलपुढच्या खांबांवर नावं कोरली आहेत. शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हा मी एक अख्खा खांब वाचला. एका आडनावाची ओळीने अकरा माणसं. सेन्योरांना त्याबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.

तर आता तुझं काम. माझं परतीचं विमान तुझ्याकडूनच आहे. येताना एक पुडकं आणते आहे: पेपियानचा भाजून दळलेला मसाला, कॉफी (चांगली, बाहेर पाठवायची), आणि सेन्योरांच्या नातीसाठी एक छोटा उइपिल, म्हणजे इथल्या बायका घालतात तो हातमागाचा सैल पोलका. सगळं विमानतळावर दाखवीन, काळजी करू नकोस. ते सेन्योरांच्या धाकट्याकडे पोचवायचं आहे. पोस्टाने नाही, आपण दोघी जाऊ. त्याला रविवारी सुट्टी असते. अनोळखी गाडी दारात थांबली तर घाबरतील, म्हणून आधी फोन कर, नंबर वेगळा पाठवते. गेल्यावर व्हिसा, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, ही आपली नेहमीची प्रश्नावली बंद. जेवायला बसवतीलच. कोंबडीची पुडी घातलेलं सूप आलं तर माझ्यापुढची वाटी तू संपव, तू तर सगळं खातेस.

बाबांना वेगळं लिहीत नाही. याच पत्राचा फोटो काढून त्यांना पाठव, आणि बँकेत हयातीचा दाखला द्यायची मुदत नोव्हेंबरअखेर संपते हेही आठवणीने सांग.

तुझी,
आई