घरपट्टी माफीचा प्रश्न पूर्ण विचारावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. तशीच माफी सांगली, मिरज आणि कुपवाडलाही मिळावी, असे येथील अनेकांना वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तिची तूट कोण भरणार, हे आश्वासन देणाऱ्यांनी त्याच वेळी सांगितले पाहिजे.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मतदारांना एक सल्लादायी प्रश्न विचारण्यात आला : १० लाख डॉलरच्या वरील उत्पन्नावर ३ टक्के जादा कर लावून तो पैसा मालमत्ता करातील सवलतीसाठी राखून ठेवता यावा, याकरिता राज्यघटना बदलावी का? सुमारे ६० टक्के मतदारांनी होकार दिला. हा कौल बंधनकारक नव्हता, आणि तेथील १९७० च्या घटनेनुसार व्यक्तींच्या उत्पन्नावरील कर एकाच दराने लावावा लागत असल्याने घटनादुरुस्तीवाचून तो अमलातही येणार नाही. तरीही सवलत कशात आणि भार कोणावर, या दोन्ही गोष्टी मतदारासमोर एकत्र आल्या, हे मला मोलाचे वाटते.

आपल्याकडे आधी जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. शासनाचे अनुदान मिळते, पण महापालिकेने स्वतः वसूल करायच्या करांत मोठा आधार उरला तो घरपट्टीचाच. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या या शहरात गाळ उचलणे, नालेसफाई, औषधफवारणी हे खर्च टाळता येणारे नाहीत. म्हणून मला सरसकट माफीपेक्षा शास्तीतील सवलत अधिक न्याय्य वाटते. थकबाकीवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते. पुरात संसार भिजलेल्या किंवा तुटपुंज्या निवृत्तीवेतनावर चालणाऱ्या घराला एकदा मागे पडल्यावर त्यातून वर येणे फार कठीण जाते.

लोकांना थेट विचारणे आपल्याला नवे नाही. दारूबंदीसाठी बाटली आडवी की उभी, याचे गुप्त मतदान महाराष्ट्रातील गावागावांत झाले आहे. महापालिकेने पुढील अंदाजपत्रकापूर्वी घरपट्टीच्या बिलासोबत एक मतपत्रिका द्यावी आणि सवलतीच्या प्रत्येक पर्यायापुढे घटणारी रक्कम व ती भरून काढण्याचा मार्ग छापावा. कौल सल्लादायी असला तरी चालेल. त्याचा प्रभागनिहाय निकाल मात्र जाहीर व्हावा.

आपला,
एक करदाता, सांगली