‘घाई कसली?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ज्यू चालीरीतींवरचा प्रश्नोत्तरांचा लेख वाचला. काल दिवसभर लिहू की नको असं चाललं होतं, शेवटी आज लिहायला बसलो. ‘ज्यू लोक मृताला इतक्या घाईनं का पुरतात?’ या प्रश्नाला तुमच्या लेखकानं एका ओळीत उत्तर दिलं आहे, ‘वाळवंटातील उष्ण हवामानामुळे.’ मटणानंतर दुधाचा चहा का चालत नाही, याला मात्र अख्खा परिच्छेद. तो बरोबर आहे, मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही, आमच्या घरी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडतं ते त्याचसाठी.

पण ‘घाई’ हा शब्द मी यापूर्वी एकदा ऐकला आहे. माझी आई जानेवारीत, शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास एका खासगी रुग्णालयात वारली. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि शब्बाथला दफन करता येत नाही. म्हणजे आमच्या हातात जेमतेम अकरा तास होते. दुपारी तीनपर्यंत मी कागदांसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होतो. खिडकीमागचा माणूस मान वर न करता म्हणाला, “घाई कसली? उद्या न्या.” मी त्याला शनिवार समजावून सांगितला. त्यावर तो म्हणाला, “मग परवा न्या.” कागद हाती आले तेव्हा दिवे लागले होते.

आमच्याकडे मृताला दफनापर्यंत एकटं ठेवत नाहीत. कोणीतरी शेजारी बसतं, स्तोत्रं म्हणतं. आई दोन रात्री शीतगृहात एकटी होती. आत बसायची परवानगी मिळाली नाही. धाकटा भाऊ बाहेरच्या बाकावर बसून राहिला. शब्बाथला गाडीत बसायचं नाही म्हणून शनिवारी मी घरून पायी गेलो, पायी आलो. दर शुक्रवारी आई लावायची तो दिवा त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं लावला. रविवारी सकाळी आईला बायकांनी आंघोळ घातली, पांढरं साधं कफन नेसवलं. श्रीमंत असो की गरीब, कफन सारखंच. मग माती दिली.

तोरा या आमच्या धर्मग्रंथात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, फाशी दिलेल्या गुन्हेगाराचंसुद्धा प्रेत रात्रभर टांगलेलं ठेवू नका, त्याच दिवशी पुरा, असं सांगितलं आहे. गुन्हेगाराचा एवढा मान राखायचा, तर माझ्या आईचा किती? यात हवामान कुठून आलं? ठाण्यात जानेवारीत आम्ही शाली पांघरून होतो.

दफनानंतरचं तर लेखात काहीच नाही. सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो, सदऱ्याची डावी बाजू हृदयावर फाडलेली. पहिलं जेवण घरचं नको, बाहेरच्यांनी आणायचं असतं. ते आणलं शेजारच्या काकूंनी, वरण-भात आणि उकडलेली अंडी. कोणी सांगितलं होतं त्यांना? चाळीस वर्षं शेजारी राहून त्यांना माहीत होतं. कद्दीश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. ते अकरा महिने रोज जमवावे लागतात, आणि त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही, फक्त देवाची स्तुती आहे. हे छापायला हवं होतं. फोटोही काळ्या टोप्यांतल्या परदेशी पुरुषांचा छापलात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून आमच्या ज्या लोकांना कोकण ओळखत आलं, ज्यांच्या घरात मराठी बोलतात, त्यांचा फोटो मिळाला नसता का?

आणखी एक. गेल्या वर्षी तुमच्या दिनविशेषात ‘योम किप्पूरच्या हार्दिक शुभेच्छा’ छापल्या होत्या. तो प्रायश्चित्ताचा उपास असतो, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आजीच्या पिढीत त्याला दारफाळणीचा सण म्हणत, दारं लावून पांढऱ्या कपड्यांत बसायचा दिवस. शिवाय आमचा दिवस आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो. यंदा छापाल तेव्हा आदल्या संध्याकाळची तारीखही द्या.

आपला,
एक वाचक, ठाणे