न्यू जर्सी सोडण्याआधी

सातारा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मीही आवाज चढवला. सिएटलची नोकरी मिळाली म्हणताच आईने देवापुढे साखर ठेवली, आणि मी मात्र विचारलं, "ईराच्या ताब्याचा-पोटगीचा हुकूम बदलायचा अर्ज टाकलास का?" आज तो विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

पण जन्म कोर्टात गेला, डोकं तिकडेच वळतं. आपल्याकडे 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात मूल राहतं तिथलं कोर्ट. तुमच्याकडे इतकं सरळ नाही. ईराच्या ताब्याचा नि पोटगीचा हुकूम न्यू जर्सीच्या कोर्टाचा. तुम्ही वेगळे झाल्यावर ऋता लेकीला घेऊन टेक्ससमध्ये डॅलसला गेली, तरी तू तिथे राहतोस तोवर तो बदलायचा अधिकार न्यू जर्सीकडेच. तूही निघालास की संपलं. ईराला टेक्ससमध्ये सहा महिने कधीच झाले, म्हणजे ताब्याचं सगळं तिकडे जाणार. पोटगी कमी करून घ्यायची तरी ऋता तिथे राहते म्हणून तुलाच तिथे हुकूम नोंदवून अर्ज करावा लागणार. अर्ज पडला त्या दिवशी तू न्यू जर्सीचा रहिवासी असलास की पुढे खुशाल जा. आधी अर्ज, मग सामान.

ऋता "जमेल तेवढे पाठव" म्हणाली, हा तिचा चांगुलपणा. पण तोंडी बोलण्याने हुकूम बदलत नाही. थकलेली पोटगी मागे जाऊन कमी करायची नाही, असा केंद्राचा कायदा तिकडे 1986 पासून आहे. कमी झालीच तर अर्जाची नोटीस तिला गेल्यापासून पुढची. थकबाकी 2500 डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट अडतो, आणि तुझा आता तिकडचा. आईला काही झालं तर कसा येशील?

झालं, पुन्हा उलटतपासणी. रागावू नकोस. पोटगी वसुलीच्या दरखास्तीत चांगले पगारदार लोक वॉरंट निघेपर्यंत दमडी काढत नसत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तू नोकरी नसताना, अर्धी का होईना, दर महिन्याला पाठवलीस. हे मी कट्ट्यावर सांगतो, तुला कधी सांगितलं नाही.

ईरा चार वर्षांची असताना अजिंक्यतारा चढली, आठवतं? शेवटच्या वळणावर तू खांद्यावर घेतलंस तर केवढी रडली, "मला चालायचंय" म्हणून. वर जाऊन माझ्याच मांडीवर झोपली. आता व्हिडिओवर "हाय आबा" म्हणते आणि पळते.

गणपतीला तिला पाठव, असं आईने ऋताला सुचवलं. ती नको म्हणाली. आईला लागलं, मला नाही. परदेशात ठेवून घेतलेली मुलं परत पाठवायच्या हेगच्या करारात भारत नाही. पोर इकडेच ठेवून घेतली तर ती कुणाच्या दारात जाणार? आपण तसं करणार नाही हे आपल्याला माहीत, तिने कशावरून मानायचं? हेही आईला सांगू नकोस.

वकिलाची फी किती ते मोकळेपणाने लिही. बँकेतली ठेव मार्चमध्ये सुटतेय, आधीही मोडता येते. पण अर्ज त्यासाठी थांबवू नकोस.

आईचा व्हिसा अजून आहे, दिवाळीनंतर निघायचं म्हणते. तिकीट सिएटलचं काढू की डॅलसचं, ते ऋताशी बोलून कळव.

तुझे,
बाबा